बनावट त्रुटी नाणी

बनावट त्रुटी नाणी म्हणजे टांकसाळीत घडलेली चूक असल्याचे भासवून विकली जाणारी, परंतु प्रत्यक्षात टांकसाळीबाहेर मुद्दाम फेरफार केलेली किंवा पूर्णपणे नकली घडवलेली नाणी होत. अस्सल त्रुटी नाणी थोडी असल्यामुळे संग्राहक त्यांना दर्शनी मूल्याच्या कित्येक पट किंमत देतात आणि त्यातूनच नक्कल करण्याचे प्रलोभन निर्माण होते. ऑनलाइन लिलावात नाणे हातात घेता येत नाही, तोलता येत नाही किंवा भिंगाखाली पाहता येत नाही. त्यामुळे खरेदीदाराची सारी भिस्त छायाचित्रावर आणि विक्रेत्याच्या वर्णनावर राहते.

अस्सल त्रुटीची निर्मिती

नाणी पाडताना प्रथम धातूच्या पत्र्यातून गोल चकत्या कापल्या जातात. नंतर त्यांच्या कडा यंत्रात दाबून किंचित उचलल्या जातात. शेवटी प्रत्येक चकती पोलादी कड्यात बसवून दोन ठशांमध्ये दाबली जाते. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर चूक होऊ शकते. त्यानुसार चकतीची त्रुटी, ठशाची त्रुटी आणि छापणीची त्रुटी असे तीन प्रमुख प्रकार मानले जातात.

प्रत्येक टप्पा नाण्यावर स्वतःची खूण ठेवतो. म्हणून त्रुटी कोणत्या टप्प्यावर घडली असू शकते, हा परीक्षणातील पहिला प्रश्न असतो. त्याचे सुसंगत उत्तर मिळत नसेल, तर नाणे संशयास्पद ठरते. उदाहरणार्थ, कातरलेल्या चकतीवर पाडलेल्या अस्सल नाण्यात कातरलेल्या भागाच्या बरोबर समोरची कड बहुधा पुसट असते, कारण कड उचलणाऱ्या यंत्रात त्या जागी पुरेसा दाब पडत नाही. यास ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. पाडलेले नाणे नंतर कानशीने किंवा करवतीने कापले, तर समोरची कड पूर्ववत राहते.

बनावटीच्या पद्धती

* मुलामा देणे : नाण्यावर दुसऱ्या धातूचा थर चढवून ते चुकीच्या धातूत पाडल्याचे भासवले जाते. वजन व लोहचुंबक यांनी ही लबाडी बहुधा उघड होते.
* आम्लात बुडवणे : नाणे पातळ व हलके होते, परंतु अक्षरे आणि कड सर्वत्र सारखीच झिजलेली दिसतात.
* दाबणे : दोन नाणी शेगड्यात घट्ट दाबली की एकाची उलटी प्रतिमा दुसऱ्यावर उमटते. अशा नाण्यावर मूळ नक्षीचे चेपलेले अवशेष राहतात.
* जोडणे : एक नाणे आतून पोखरून त्यात दुसऱ्याची बाजू बसवली जाते. दोन्ही बाजूंस छापा असलेली नाणी बहुतांशी याच प्रकारची असतात. कडेच्या आतील बाजूस सांधा दिसतो.
* खोडणे किंवा कोरणे : वर्षाचा अंक किंवा टांकसाळीची खूण बदलली अथवा काढून टाकली जाते.
* नकली ठसे : संपूर्ण नाणेच खोट्या ठशांनी पाडले जाते. हा प्रकार ओळखण्यास सर्वांत कठीण असतो.

प्रसिद्ध उदाहरणे

दुसऱ्या महायुद्धात तांब्याची बचत करण्यासाठी अमेरिकेने १९४३ साली एक सेंटची नाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादात पाडली. काही मोजकी नाणी मात्र चुकून जुन्या कांस्य चकत्यांवर पाडली गेली. त्यांच्या दुर्मीळतेमुळे पोलादी नाण्यांना तांब्याचा मुलामा देण्याचे प्रकार वाढले. पोलादी नाणे २.७० ग्रॅम वजनाचे असते व लोहचुंबकाला चिकटते, तर कांस्य नाणे ३.११ ग्रॅमचे असून चिकटत नाही. १९४८ मधील ‘८’ हा आकडा अर्धा खरवडून ‘३’ केलेली नाणीही आढळतात. ती कांस्याचीच असल्यामुळे लोहचुंबकाची कसोटी तेथे निरुपयोगी ठरते आणि अंकाचे वळण तपासावे लागते.

१९५५ सालच्या एका सेंटच्या ठशावर मूळ नक्षी दोनदा, थोड्या कोनाने सरकून उमटली. त्यामुळे त्या ठशाने पाडलेल्या नाण्यांवर वर्ष व अक्षरे स्पष्टपणे दुहेरी दिसतात. त्याच वर्षीच्या दुसऱ्या काही नाण्यांवर केवळ ठसा झिजल्यामुळे शेवटचा ‘५’ दुहेरी भासतो. या नाण्यांना फारशी किंमत नसते.

१९६९ सालच्या दुहेरी सेंटबाबत उलट प्रकार घडला. बाजारात टांकसाळीची खूण नसलेली नकली नाणी आली होती. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची ‘एस’ ही खूण असलेली काही अस्सल नाणीही अमेरिकी गुप्त सेवेने नकली समजून जप्त केली. पुढे ती अस्सल ठरली.

ऑनलाइन लिलावातील दक्षता

लिलावाच्या पानावर दोन्ही बाजूंची व कडेची, त्याच नाण्याची स्पष्ट छायाचित्रे असणे आवश्यक असते. अचूक वजन व व्यास विचारल्यावर विक्रेत्याने टाळाटाळ करणे, परतीची सोय नसणे आणि संकेतस्थळाबाहेर पैसे मागणे ही धोक्याची लक्षणे मानली जातात. वारसाहक्काने मिळालेल्या पेटीची कथा हा अस्सलपणाचा पुरावा नसतो. मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. त्यासाठी पूर्ण झालेल्या विक्रींचे भाव पाहावे लागतात.

पीसीजीएस व एनजीसी यांसारख्या परीक्षण संस्था नाणे तपासून ते क्रमांकित प्लॅस्टिक वेष्टनात बंद करतात. मात्र नकली वेष्टनेही बाजारात येतात. म्हणून वेष्टनावरील क्रमांक संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर शोधून तेथील वर्णन व उपलब्ध छायाचित्र यांची प्रत्यक्ष नाण्याशी तुलना केली जाते. क्रमांक खरा असला, तरी तो दुसऱ्याच नाण्याचा असू शकतो.

अमेरिकेच्या १९७३ च्या छंद संरक्षण कायद्यानुसार अनुकृती नाण्यांवर ‘कॉपी’ हा शब्द उमटवणे बंधनकारक आहे. २०१४ मध्ये या कायद्याची व्याप्ती वाढवण्यात आली.

भारतातील स्थिती

भारतीय नाण्यांवर मुंबई टांकसाळीची खूण चौकट, हैदराबादची तारा आणि नोएडाची ठिपका असते. कोलकाता टांकसाळीच्या नाण्यांवर खूण नसते. त्यामुळे खूण नसणे ही त्रुटी ठरत नाही. त्याचप्रमाणे नक्षीतील फरक म्हणजेही त्रुटी नव्हे. दहा रुपयांची नाणी १४ वेगवेगळ्या नक्षींत काढली असून ती सर्व वैध असल्याचे भारतीय रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले होते. रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले. त्यापूर्वीच्या नाण्यांवर ते नसणे स्वाभाविक आहे.

फसवणूक केवळ खरेदीदाराचीच होते असे नाही. जुनी नाणी मोठ्या किमतीस विकत घेण्याचे आमिष दाखवून त्यांच्या मालकांकडून आगाऊ शुल्क, दलाली किंवा कर उकळला जातो. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नाव वापरले जात असल्याचे आढळल्यावर ४ ऑगस्ट २०२१ रोजी बँकेने जनतेला सावध केले. आपण अशा व्यवहारांत सहभागी होत नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाही आणि कोणासही ते घेण्याचा अधिकार दिलेला नाही, असे बँकेने जाहीर केले.