जबलपूरचा शक्तिमान

1997 च्या सप्टेंबरात दूरदर्शनवर अभिनेते मुकेश खन्ना सुपरहिरो बनून गरगर फिरू लागले आणि ‘शक्तिमान’ हे नाव पोराटोरांनी पळवलं. त्याआधी जवळजवळ चार दशकं ते एका ट्रकचं होतं. हिरवा रंग, वर ताडपत्री, पुढे आलेलं नाक आणि चारही चाकांना जोर असलेला लष्करी ट्रक.

स्वातंत्र्याच्या वेळी लष्कराच्या वाट्याला गाड्या आल्या त्या बहुतांशी दुसऱ्या महायुद्धातल्या. शेव्हरोले, फोर्ड, डॉज; सगळा भेळमिसळ मामला. एकीचा सुटा भाग दुसरीला चालत नसे आणि मूळ कारखाने सातासमुद्रापार. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना यावर तोडगा निघाला: पश्चिम जर्मनीच्या ‘मान’ कंपनीचा ट्रक परवाना घेऊन इथेच बनवायचा. ऑग्सबर्गच्या ज्या कारखान्यात रुडॉल्फ डिझेलने 1897 मध्ये आपलं इंजिन सिद्ध केलं, त्याचीच ही वारस कंपनी. 1959 मध्ये जबलपूरच्या गन कॅरिज फॅक्टरीतून पहिले शक्तिमान बाहेर पडले. 1904 सालचा हा कारखाना तोफांचे गाडे बनवायचा. म्हणजे चाकं त्याला नवी नव्हती, इंजिन नवं होतं.

साध्या ट्रकमध्ये इंजिन फक्त मागची चाकं फिरवतं. चिखलात ती जागच्या जागी फिरतात, खड्डा करतात आणि गाडी आणखी रुतते. शक्तिमानमध्ये गिअरबॉक्सनंतर आणखी एक पेटी. तिच्यातून एक दांडा मागच्या आसाकडे, दुसरा पुढच्या आसाकडे. मागची चाकं घसरली तरी पुढची गाडी ओढून काढतात. याची किंमतही असते: वजन वाढतं, तेल जास्त लागतं. डांबरी रस्त्यावर हा सगळा खटाटोप वायाच. पण डांबर होतं कुठे? सीमेवर रस्ते बांधणारी सीमा सडक संघटनाच मुळी 7 मे 1960 ला स्थापन झाली. रस्त्याविना चालणारा ट्रक तिच्या एक वर्ष आधीचा.

मेनन यांच्यावर टीका कमी झाली नाही. शस्त्रांच्या कारखान्यांत कॉफीची यंत्रं बनवतात, असं विरोधक हिणवत. चीनविरुद्धच्या 1962 च्या युद्धातल्या पराभवानंतर त्यांना जावं लागलं. ट्रक मात्र राहिला. पराभवाचा राग समजण्यासारखा होता, पण देशातच लष्करी ट्रक बनवायचा त्यांचा निर्णय चुकीचा नव्हता.

1969 मध्ये जबलपुरातच वाहनांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला आणि शक्तिमान तिथे बनू लागला. निसानच्या परवान्यावरची ‘जोंगा’ ही जीपही तिथलीच; जबलपूरच्या आयुधनिर्माणी आणि तोफगाडा कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला हे नाव पडलं.

पुढे मात्र कौतुक आवरतं घ्यावं लागतं. दुरुस्तीला सोपा, फौजेच्या मेकॅनिकांच्या हातात बसलेला म्हणून 1950 च्या दशकातला आराखडा 1996 पर्यंत चालवत राहणं याला चिकाटी म्हणावं की आळस? दोन्ही असावं. नंतर अशोक लेलँडचा ‘स्टॅलियन’ आणि टाटाचे ट्रक आले.

लष्कराने लिलावात काढलेल्या शक्तिमानांना मात्र गिऱ्हाईक मिळत गेलं. मेघालय-मणिपूरच्या डोंगरात, पावसाने रस्ते वाहून जातात तिथे, ते लाकूड आणि इतर माल वाहू लागले.