संगणकावर ‘ळ’ कसा उमटला

कळंब हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहिले की त्यातला ‘ळ’ नाहीसा होतो. परगावचा माणूस ते वाचतो आणि ‘कलंब’ म्हणतो. त्या बिचाऱ्याचा काय दोष? इंग्रजीपाशी ‘ळ’ नाहीच. मांजरेकाठच्या या गावाचे नाव जसेच्या तसे लिहायचे तर ते देवनागरीतच लिहिले पाहिजे. पाटीवर, वहीत, चावडीच्या फळ्यावर त्याची कधी अडचण पडली नाही. अडचण आली ती संगणकावर. कारण हे यंत्र आपल्याकडे आले ते इंग्रजी कळफलक घेऊनच.

त्या कळफलकावरून मराठी उमटवणारी एक लहानशी आज्ञावली आहे. तिचे नाव जेक्वेरी-आयएमई. ती विकत मिळत नाही, फुकटच मिळते. आणि ती कोणा एकाने केलेली नाही. तिचा इतिहास आज सांगणार आहे.

पण आधी थोडे आपल्या मुलखाविषयी. लिपी वाचता येईनाशी झाली म्हणजे काय होते, हे मराठवाड्याला निराळे सांगायला नको. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. सरकारी दप्तर उर्दूत, आणि घरोघरचे जुने कागद मोडीत. पुढे मराठी शाळांतून दोन्ही लिपी शिकवायच्या राहिल्या. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे हुडकत फिरावे लागले. कागद शाबूत, शाई शाबूत. वाचणारेच थोडे उरले होते.

नेमकी अशीच गत संगणकावरच्या मराठीची झाली, आणि तीही पुरी वीस वर्षे जायच्या आत. १९९० च्या दशकात मराठी लिहायचे ते खास फाँट घेऊन. फाँट म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांचा संच. या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी आकृत्या बसवलेल्या असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. वर फक्त मराठी मुखवटा. दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला की मुखवटा गळून पडे आणि खालची इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. शिवाय प्रत्येक फाँटाची मांडणी निराळी. एकाने टंकलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्याला उघडता येईना. कित्येक शाळांच्या, संस्थांच्या जुन्या फायली आजही तशाच पडून आहेत.

यावर उपाय काढण्याचे काम आपल्या देशात त्याआधीच सुरू झाले होते. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी जे तंत्र तयार झाले, ते पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढले. ही संस्था १९८८ साली स्थापन झाली. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने इन्स्क्रिप्ट हा कळफलक ठरवला, आणि पाठोपाठ इस्की नावाचे प्रमाण आले. प्रत्येक अक्षराला एक ठराविक क्रमांक द्यायचा, मग फाँट कोणताही असो, ही त्यातली कल्पना. १९९१ साली जगातल्या सर्व लिप्यांसाठी युनिकोड आले, तेव्हा त्यातली देवनागरी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली गेली. युनिकोडात ‘क’चा क्रमांक २३२५ आणि ‘ळ’चा २३५५. कळंबचा संगणक असो की कॅनडातला, २३५५ म्हणजे ‘ळ’च. विंडोज २००० पासून घरगुती संगणकालाही हे समजू लागले.

म्हणजे मजकूर साठवण्याचा प्रश्न सुटला. पण लिहायचा कसा? इन्स्क्रिप्ट उत्तम आहे, पण तो शिकावा लागतो. त्यातून सार्वजनिक संगणकावर बसलेल्या माणसाला त्यात काही नवीन बसवण्याची मुभाही नसते. तेव्हा लिहिण्याची सोय संगणकात न ठेवता, जे पान आपण इंटरनेटवर उघडतो त्या पानातच ठेवली तर? ही युक्ती फार मोलाची ठरली.

आता ‘लायब्ररी’ या शब्दाचा खुलासा करतो, नाहीतर आमचे शिक्षकबंधू म्हणायचे की पुस्तकांच्या कपाटाचा येथे काय संबंध. आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या बोलीत लायब्ररी म्हणजे पुन्हा पुन्हा लागणाऱ्या आज्ञांचा तयार संच. सुतार प्रत्येक गाडीसाठी वाकस-पटाशी नव्याने घडवीत बसत नाही, तसेच हे. वेबपानांसाठी असा गाजलेला संच म्हणजे जेक्वेरी. जॉन रेसिग या अमेरिकी तरुणाने तो जानेवारी २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मेळाव्यात जाहीर केला. त्या काळी पाने दाखवणारे ब्राउझर एकमेकांशी जुळत नसत. एकाला समजेल ती आज्ञा दुसऱ्याला समजेना. जेक्वेरीने हा तंटा आपल्या अंगावर घेतला. आणि रेसिगने ती खुली ठेवली: कोणीही वापरा, बदला, पुढे द्या.

शेतकऱ्याला ही रीत नवी नाही. एकाच्या रानात आज सगळ्यांच्या बैलजोड्या, उद्या दुसऱ्याच्या रानात. आपण तिला सावड म्हणतो, कोठे इर्जिक म्हणतात. मुक्त आज्ञावल्यांची चळवळ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अमेरिकेत सुरू केली, ती या सावडीच्याच धर्तीची. फरक एवढाच की नांगर एका वेळी एकाच रानात चालतो. आज्ञावलीची नक्कल कितीही करा, मूळ झिजत नाही.

आता मुद्द्यावर येतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनीच सुरू झाला. पण लिहिणारे लिहिणार कसे, हा प्रश्न सर्वच भारतीय भाषांच्या विकिपीडियांपुढे होता. केरळच्या जुनैद पी. व्ही. यांनी २०१०-११ च्या सुमारास ‘नारायम’ नावाची जोडआज्ञावली केली. मल्याळममध्ये नारायम म्हणजे ताडपत्रावर अक्षरे कोरायचा लोखंडी दाभण. किती समर्पक नाव! पण नारायम विकिपीडियाच्या यंत्रणेला बांधलेले होते. बाहेरच्या पानाला त्याचा उपयोग नव्हता. २०१२ साली विकिमीडियाच्या भाषा-अभियांत्रिकी पथकात संतोष तोट्टिंगल या दुसऱ्या केरळी अभियंत्याने सहकाऱ्यांसह ते काम नव्याने, सुटे करून लिहिले. तीच जेक्वेरी-आयएमई. जेक्वेरीच्या पायावर उभी, आणि कोणत्याही वेबपानात बसवता येईल अशी.

तिचे चालणे मोठे गमतीचे आहे. आपण कळ दाबली की ती कर्सरामागची दोन-चार अक्षरे पाहते. तिच्यापाशी नियमांची एक यादी असते: शेवटी अमुक असेल तर तमुक कर. इंग्रजी ‘के’ दाबला की ‘क्’. त्यावर ‘एच’ दाबला की ती मागे वळून पाहते, तेथे ‘क्’ आहे ना, मग दोन्ही मिळून ‘ख्’. त्यावर ‘ए’ दाबला की पाय सुटला, ‘ख’ झाला. बस्स, एवढेच. बाराखडी शिकवताना गुरुजी जे सांगतात तेच यंत्राला सांगितलेले आहे.

आणि यातली खरी शहाणपणाची गोष्ट म्हणजे प्रत्येक भाषेचे नियम वेगळ्या फायलीत आहेत. मुख्य यंत्राला हात न लावता नवी भाषा जोडता येते. ज्याला मराठी येते त्याने मराठीची यादी तपासावी. त्याला बाकीचे यंत्र उमजले पाहिजे असे नाही. फायलीच्या माथ्यावर ती करणाऱ्याचे नाव आणि परवाना लिहिलेला असतो. शिवाय अमुक कळा दाबल्या तर अमुक शब्द आला पाहिजे अशी चाचणीची उदाहरणेही ठेवलेली असतात. गणिताच्या पुस्तकामागे उत्तरे असतात तशी.

या कामात महाराष्ट्राचा वाटा पुण्याचा. नोव्हेंबर २०१२ मध्ये रेड हॅट कंपनी आणि विकिमीडिया यांनी पुण्यात भाषांच्या तंत्रज्ञानावर बैठक भरवली. रेड हॅटच्या पुण्याच्या कचेरीत ‘लोहित’ या खुल्या भारतीय फाँटांचे काम चालत असे, आणि तेथील पराग नेमाडे यांनी अनेक भारतीय भाषांच्या कळफलकांचे नियम जेक्वेरी-आयएमईत आणून बसवले. मल्याळी माणसाने गाडा घडवला, मराठी माणसाने त्यात भर घातली आणि तो आसामी, तेलुगू, पंजाबी अशा सगळ्यांच्या कामी आला. २०१३ मध्ये विकिपीडियावर नारायमची जागा या नव्या संचाने घेतली.

सगळे गोड गोडच सांगतो आहे असे वाटू नये. सामायिक विहिरीचा गाळ कोणी काढायचा, हा तंटा येथेही आहे. मार्च २०१६ मध्ये एका कार्यकर्त्याचे नावावरून भांडण झाले आणि त्याने एनपीएम या सार्वजनिक कोठारातून आपल्या सर्व आज्ञावल्या काढून घेतल्या. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघ्या अकरा ओळींची एक होती. तिच्यावर हजारो कामे अवलंबून होती, ती जगभर अडली. लोकांना त्या दिवशी कळले की आपण कोणाच्या खांद्यावर उभे होतो. आपल्या जेक्वेरीचेही आता दिवस पालटले. नवीन कामे दुसऱ्या संचांवर होतात. मोबाईलमध्ये मराठी कळफलक आयताच येतो, बोललेलेही टंकले जाते. मात्र कंपनीने दिलेल्या कळफलकात चूक सापडली तर आपण तक्रार करून वाट पाहायची. खुल्या यादीतली चूक आपल्यालाच दुरुस्त करून पाठवता येते. मला हा फरक मोठा वाटतो.

मराठीच्या काही गोष्टी मराठी माणसालाच दिसतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडात आले ते २००८ साली; तोवर ‘ॲप’ आणि ‘ॲसिड’ लिहिताना तडजोड करावी लागे. दुसरे उदाहरण ‘वाऱ्यावर’ या शब्दाचे. त्यातला अर्धा र पापणीसारखा वळतो. तो हिंदीला लागत नाही. युनिकोडात तो दोन रीतींनी साठवता येतो. डोळ्यांना शब्द सारखाच दिसतो, पण संगणक एकाचा शोध घेताना दुसऱ्याला ओळखेलच असे नाही. ‘कुऱ्हाड’, ‘वऱ्हाड’, ‘शेतकऱ्यांनी’ हे शब्द आपल्या बोलण्यात रोजचे; तेव्हा हा दोष पाहायला आपल्याइतका जवळचा साक्षीदार कोण?

शिक्षकबंधूंनी शाळेच्या संगणकावर मराठी विकिपीडिया उघडावा, लिहिण्याच्या चौकटीत जावे, कळफलकाच्या सोयीतून मराठी लिप्यंतर निवडावे आणि मुलांना गावाचे नाव लिहायला सांगावे. एक पोर तरी धाकटा ‘एल’ दाबेल आणि ‘कलंब’ लिहील. त्याला मोठा ‘एल’ दाखवावा. दुसरे कोणी शेवटचा ‘ए’ दाबायचे विसरेल, आणि फळ्यावर कधी दिसत नाही असे ‘कळंब्’, पाय मोडलेले, पडद्यावर उभे राहील.