खडकीच्या रणांगणांतील म्हणून दाखविला जाणारा एक पाइप

मुळामुठेच्या कांठीं मांजरी गांवीं आमचे एक स्नेही राहतात. त्यांना विलायती पाइप जमविण्याचा छंद आहे. त्यांच्या संग्रहांत ब्रायर लांकडाचा, दांडीस चांदीचें वेढें बसविलेला एक सुंदर पाइप आहे. तो ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या लढाईंत लढलेल्या एका इंग्रज अंमलदाराचा, असें विकणारानें त्यांस सांगितलें, व किंमतही त्याच मानानें घेतली. वस्तु हाताळून पाहिल्यावर ही हकीकत टिकत नाहीं; तें कां, हें येथें थोडक्यांत मांडतों.

पहिली साक्ष लांकडाची. ब्रायर म्हणजे भूमध्यसमुद्राच्या कांठीं उगवणाऱ्या एका झुडुपाच्या बुंध्याशीं, जमिनींत वाढणारी गांठ. ती इतर लांकडांहून उष्णता पुष्कळच अधिक सोसते, म्हणून पाइपाची वाटी कोरण्यास उत्तम. परंतु तिचे पाइप करण्याचा धंदा फ्रान्सांतील सें-क्लोद येथें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाढला, आणि मागाहून लंडनच्या कारागिरांनीं त्यांत नांव मिळविलें. दुसऱ्या बाजीरावाशीं लढलेला गोरा शिपाई ओढीत असे तो पांढऱ्या मातीचा, सहज फुटणारा पाइप. एवढ्यानेंच खरें म्हणजे वाद मिटतो.

दुसरी साक्ष मुखनळीची. ती गंधकाच्या योगानें कठीण केलेल्या रबराची आहे. उजेडानें तिचा काळा रंग हिरवट पडला आहे. रबरावरील या क्रियेचें गुडइअरचें पेटंट १८४४ चें. अर्थात् मुखनळी मागाहून बदलतां येते, म्हणून हिच्यावर एकटीवर निकाल देणें योग्य नव्हे.

तिसरी साक्ष चांदीची, व ती सर्वांत बोलकी. वेढ्यावर चार बारीक ठसे आहेत: कारागिराचीं आद्याक्षरें; चालता सिंह, म्हणजे हजारांत ९२५ भाग शुद्ध चांदी; नांगर, म्हणजे बर्मिंगहॅमची परीक्षणशाळा; आणि वर्षाचें अक्षर. हें अक्षर तेथें वर्षाच्या मध्यास बदलत असे, म्हणून त्यावरून एकच इसवी सन न निघतां १९११-१२ असें जोडवर्ष निघतें. वेढें एका पाइपावरून काढून दुसऱ्यावर चढवितां येतें हें खरें. पण येथें तें दांडीच्या खांचेंत जन्मतःच बसलेलें दिसतें. तेव्हां लढाईनंतर सुमारें चौऱ्याण्णव वर्षांनीं हा पाइप घडला.

इंग्रज कारागिरांच्या या शिस्तीचा आम्हांस हेवा वाटतो. आल्फ्रेड डनहिल यानें १९०७ त लंडनांत डयूक स्ट्रीटवर दुकान काढलें. त्याच्या पाइपांतील आंतल्या नळीचें पेटंट १९१२ चें, व वाळूच्या माऱ्यानें खडबडीत केलेल्या वाटीचें १९१७ चें. हे क्रमांक लांकडावरच छापलेले असल्यामुळें संग्राहक त्यांवरून काळ ठरवितात. या गृहस्थानें स्वतःही जगभरचे पाइप जमवून त्यांवर १९२४ त ग्रंथ लिहिला.

आमच्याकडील स्थिति याच्या उलट. तमाखूची या देशांतील हकीकत आमच्या शेजारींच सुरू होते: असदबेग यानें विजापुरास ती पाहिली, आणि तेथून रत्नजडित नळीसह अकबरापुढें ठेविली, पुढें जहांगिरानें १६१७ त तिच्यावर बंदी घातली. त्यानंतर हुक्के, गुडगुड्या, चिलिमी घरोघर झाल्या. पण बिदरी कामाचा हुक्क्याचा तळ घ्या. जस्ततांब्याच्या काळ्या धातूंत चांदीची वेल उत्तम, परंतु कर्त्याचें नांव वा शक बहुधा नाहीं. अशा वस्तूची वंशावळ ती देणाऱ्याच्या तोंडींच राहते. दिवे व अडकित्ते यांसारख्या घरगुती वस्तु ज्यांनीं गांवोगांव हिंडून जमविल्या, त्या दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचे श्रम यामुळेंच मोलाचे. पुण्याच्या त्या संग्रहालयांत राजांच्या तलवारींपेक्षां स्वयंपाकघरच अधिक बोलतें, असें आमचें मत आहे.

निष्कर्ष ऐकून स्नेह्यांचा चेहरा उतरला. किंमत परत मिळण्याची आशा नव्हती. पुण्याच्या लष्करांत त्या सुमारास गोरे अंमलदार पुष्कळ होते, तेव्हां त्यांतील कोणाचा असेल, असें त्यांनीं सुचविलें. असेल, परंतु त्यास आधार नाहीं. पाइपाच्या पेटींतील जुनी चिठ्ठी फाडूं नये, तीवर काट मारून खालीं "बर्मिंगहॅम, १९११-१२, विक्रेत्याची हकीकत अग्राह्य" असें लिहावें, अशी विनंति आम्हीं केली, व त्यांनीं ती लगेच अमलांत आणिली.