मात्रा आणि हप्ता : फुफ्फुसाच्या कर्करोगावरील किरणोपचाराची कथा

औषधाची मात्रा लागू पडली, असें आपण सहज म्हणतों; परंतु मात्रा म्हणजे नुसतें औषध नव्हे, तें किती द्यावयाचें याचें प्रमाणही होय, ही गोष्ट आपल्या ध्यानांत राहत नाहीं. किरणोपचाराचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास हा बहुतेक या दुसऱ्या अर्थाचाच इतिहास आहे. यंत्रें बदललीं, किरणांची शक्ति वाढली. परंतु वैद्यांपुढील प्रश्न एकच राहिला. कर्करोगाच्या पेशी मराव्या आणि शेजारचें निरोगी मांस वांचावें, हें साधावें कसें? फुफ्फुसाच्या बाबतींत तर हा प्रश्न फारच बिकट झाला. फुफ्फुस हें स्वभावतःच नाजुक. शेजारीं हृदय, मागें अन्ननलिका व पाठीचा कणा. आणि वर तें श्वासागणिक हलत असतें.

राँटगेन यानें ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं क्ष-किरण पाहिले, आणि वर्ष उलटण्यापूर्वींच त्यांचा प्रयोग अर्बुदांवर होऊं लागला. हे किरण मांस जाळतात हें लौकरच कळलें. किती जाळतात हें कळावयास मात्र फार मोल द्यावें लागलें. एडिसनचा साहाय्यक क्लॅरन्स डॅली हा किरणांनीं झालेल्या जखमांपायीं १९०४ सालीं मरण पावला. बेकरेल यानें १९०१ सालीं रेडियमची नळी जाकिटाच्या खिशांत बाळगली, तेव्हां कांहीं दिवसांनीं त्याच जागीं कातडीवर व्रण उठला. हॅम्बुर्ग येथें १९३६ सालीं या विद्येच्या बळींचें स्मारक उभारलें, त्यावर आरंभींच १६९ नांवें होतीं.

त्या काळीं पुष्कळ वैद्यांचा समज असा कीं, अर्बुद एकाच जबर तडाख्यांत नाहींसें करावें. सांवकाश दिल्यास रोग सावरेल. हा समज पॅरिस येथील रेडियम संस्थेंतील क्लॉड रेगो यानें खोडून काढला, आणि तो एका मेंढ्याच्या साहाय्यानें! मेंढ्याच्या वृषणांतील बीजपेशी अखंड विभागत असतात, म्हणून त्या कर्करोगाच्या पेशींच्या जागीं धराव्या. आणि वरची कातडी ही निरोगी मांसाच्या जागीं. एकाच वेळीं किरण देऊन मेंढा निर्बीज करूं गेलें तर कातडी पार जळून जाई. तेच किरण अनेक दिवसांवर वांटून दिले, तेव्हां मेंढा निर्बीज झाला आणि कातडी शाबूत राहिली. निरोगी पेशींना दोन हप्त्यांच्या मधल्या वेळांत आपली डागडुजी करतां येते. जलद विभागणाऱ्या पेशींना तितकी सवड साधत नाहीं. आमच्या मतें या विद्येंत यापेक्षां मोठा शोध झालेला नाहीं, आणि त्याला नवें यंत्र मुळींच लागलें नाहीं.

रेगोचा सहकारी आंरी कुतार यानें हीच रीत माणसाच्या गळ्यावर चालविली. स्वरयंत्राचा वाढलेला कर्करोगही भयंकर जखमा न होतां बरा होऊं शकतो, हें १९२२ सालीं पॅरिसच्या वैद्यपरिषदेंत त्याच्या रोग्यांवरून दाखविण्यांत आलें. परंतु गळा निराळा आणि छाती निराळी. त्या काळचे क्ष-किरण दुबळे. त्यांचा बहुतेक भार कातडीवरच पडे, आणि खोल अर्बुदापर्यंत पोंचे तो उरलासुरला. शिवाय उपचारानंतर कांहीं आठवड्यांनीं वा महिन्यांनीं रोग्यास कोरडा खोकला व धाप लागे, कधीं ज्वर येई, आणि पुढें फुफ्फुसाचा तो भाग निबर होऊन बसे. या किरणजन्य फुफ्फुसदाहाचीं वर्णनें १९२० नंतरच्या दशकांतच येऊं लागलीं होतीं.

कोबाल्टचें यंत्र कानडांत १९५१ सालीं आलें आणि रेषीय त्वरकानें पहिल्या रोग्यावर लंडनमध्यें १९५३ सालीं उपचार झाले. त्यामुळें कातडीचा जाच पुष्कळ कमी झाला. (पुढें तुर्भें येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें ‘भाभाट्रॉन’ हें स्वदेशी कोबाल्टयंत्र सिद्ध केलें, हेंही येथें सांगितलें पाहिजे.) परंतु फुफ्फुसांतील अर्बुद इतकें चिवट कां, याचा एक उलगडा सूक्ष्मदर्शकाखालीं झाला. टॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनीं १९५५ सालीं फुफ्फुसाच्या कर्करोगाचे काप तपासले. पेशींचा गठ्ठा विशिष्ट जाडीपलीकडे गेला कीं त्याचा गाभा हटकून मेलेला आढळे. कारण रक्तवाहिनीपासून प्राणवायु सुमारे दीडशे मायक्रॉनपर्यंतच, म्हणजे मिलीमीटरच्या सातव्या हिश्शाइतकाच, झिरपतो. या मेलेल्या गाभ्याच्या कांठावर अर्धपोटीं जगणाऱ्या पेशींवर किरणांचा प्रभाव फार थोडा पडतो. बाहेरचा थर मेल्यावर प्राणवायु आंत पोंचतो आणि पुढचे हप्ते लागू पडतात. या ग्रेचेंच नांव पुढें किरणमात्रेच्या परिमाणास मिळालें.

अमेरिकेंत १९८० च्या सुमारास साठ ग्रे, तीस हप्ते, सहा आठवडे, हें मान ठरून गेलें. लंडनजवळील माउंट व्हर्नन रुग्णालयाच्या वैद्यांनीं हप्ते आणखी लहान व दाट केले: दिवसांतून तीन वेळां, रविवारची सुटीही न घेतां, बारा दिवसांत ३६ हप्ते व ५४ ग्रे. या पद्धतीनें दोन वर्षांनंतर हयात राहणारांचें प्रमाण शेंकडा २० वरून २९ वर गेलें, असें १९९७ सालीं जाहीर झालें. मात्र गिळतांना होणाऱ्या तीव्र वेदनांचें प्रमाणही फार वाढलें. आणि दिवसांतून तीनदां यंत्र चालवावयास माणसें कोठून आणावीं? रीत गुणाची असूनही फारशी पसरली नाहीं.

दुसरीकडे मात्राच वाढवावी असा विचार बळावला. साठानें इतका गुण, तर चौऱ्याहत्तरानें किती? अमेरिकेंत याची रीतसर परीक्षा झाली आणि १९१५ नव्हे, अगदीं अलीकडे २०१५ सालीं निकाल छापून आला. साठ ग्रे घेतलेल्यांचें मध्यम आयुर्मान २८.७ महिने, चौऱ्याहत्तर घेतलेल्यांचें २०.३! अधिक मात्रा घेतलेले लोक आधीं मेले. कारणें शोधतां हृदयावर पडलेल्या किरणांकडे बोट गेलें. इतकीं वर्षें सर्वांचें लक्ष फुफ्फुसावर होतें, आणि शेजारचें हृदय मुकाट्यानें सोशीत होतें. याच रोग्यांच्या नोंदी २०१७ सालीं पुन्हां तपासल्या, तेव्हां दुसरी एक गोष्ट दिसली. ज्यांच्यावर किरणांची तीव्रता जागोजाग कमीअधिक करून उपचार केले, त्यांच्यांत तीव्र फुफ्फुसदाह शेंकडा ३.५ होता, जुन्या त्रिमिति-रीतीनें केलेल्यांत ७.९.

लहान, प्राथमिक अवस्थेंतल्या अर्बुदांची कथा मात्र उलट दिशेनें गेली. स्टॉकहोमच्या ब्लॉमग्रेन व लॅक्स यांनीं १९९० नंतर रोग्याचें शरीर एका सांच्यांत बसवून, श्वासाची हालचाल आंवरून, मोजक्याच हप्त्यांत मोठी मात्रा नेमकी अर्बुदावर देण्याची रीत पाडली. शस्त्रक्रिया न सोसणाऱ्या रोग्यांना तीन हप्त्यांत ५४ ग्रे दिल्यावर शंभरांतील सत्त्याण्णवांचें मूळ अर्बुद तीन वर्षें आटोक्यांत राहिलें, असें २०१० सालीं प्रसिद्ध झालें. पण तत्पूर्वींच, २००६ सालीं, इंडियानाच्या वैद्यांनीं इशारा दिला होता: अर्बुद मोठ्या श्वासनलिकांच्या लगत असेल तर तीनच हप्त्यांची ही रीत घातक ठरते, कांहीं रोगी दगावलेही. तेव्हांपासून अशा अर्बुदांना पन्नास-साठ ग्रेंची मात्रा पांच किंवा आठ हप्त्यांत वांटून देतात.