आकड्यांवरील विश्वास आणि संशय : क्रिकेटमधील प्रगत सांख्यिकीचा ऐतिहासिक विचार (शहापूर-मुरबाड परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

खेळाडूची गुणवत्ता आकड्यांनी मोजता येते काय, हा प्रश्न क्रीडेतिहासात वारंवार उपस्थित झाला आहे. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये बिल जेम्स यांनी १९७७ पासून प्रसिद्ध केलेल्या वार्षिकांतून रूढ सरासऱ्यांची चिकित्सा केली. मायकेल लुईस यांच्या ‘मनीबॉल’ (२००३) या ग्रंथामुळे ही पद्धती सर्वत्र परिचित झाली. मात्र संगणकाला खेळ काय कळणार, हा जुन्या जाणकारांचा आक्षेपही तितकाच प्रबळ राहिला. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाल्यानंतर भारतीय क्रिकेटमध्येही संगणकीय विश्लेषणाचे महत्त्व वाढले आणि हाच वाद येथेही आला. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील तीन घटनांच्या आधारे या संशयाचे स्वरूप तपासले असून, ग्रामीण ठाणे जिल्ह्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा विचार केला आहे.

१. अपूर्ण राहिलेला विक्रम

डिसेंबर १९४८ मध्ये पुणे येथे काठियावाडविरुद्धच्या रणजी सामन्यात भाऊसाहेब निंबाळकर यांनी महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा केल्या. संघाच्या ४ बाद ८२६ धावांपैकी निम्म्याहून अधिक धावा एकट्या निंबाळकरांच्या होत्या. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तत्कालीन विक्रम केवळ काही धावांवर असताना राजकोटचे ठाकोरसाहेब या प्रतिस्पर्धी कर्णधाराने सामना सोडून दिला. निंबाळकर भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत. डाव कोणी व का थांबविला, हे ४४३ या आकड्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी सामन्याचा इतिहासच पाहावा लागतो.

२. एकाच खेळपट्टीवरील तुलना

१९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेन्नईच्या फिरकीला अनुकूल खेळपट्टीवर पद्माकर शिवलकर यांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. यावर ‘खेळपट्टीच तशी होती’ असा आक्षेप सहज घेता येतो. परंतु त्याच खेळपट्टीवर तामिळनाडूकडे वेंकटराघवन यांच्यासारखा कसोटी फिरकी गोलंदाज होता. तरीही मुंबईने १५१ व ११३ धावा केल्या, तर तामिळनाडूचे डाव ८० व ६१ धावांत आटोपले. परिस्थिती समान ठेवून तुलना करणे हेच प्रगत सांख्यिकीचे मूळ तत्त्व होय. असे असूनही प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेणाऱ्या शिवलकरांना कसोटी खेळावयास मिळाली नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी भारतीय संघात होते. हे कारण गुणवत्तेच्या कोणत्याही सूत्रात बसत नाही.

३. कल्याणमधील १००९ धावा

जानेवारी २०१६ मध्ये कल्याण येथील आंतरशालेय स्पर्धेत प्रणव धनावडे या १५ वर्षांच्या खेळाडूने ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. त्यात १२९ चौकार व ५९ षटकार होते, म्हणजे सुमारे ८६ टक्के धावा सीमापार गेलेल्या फटक्यांच्या होत्या. प्रतिस्पर्धी संघ ३१ व ५२ धावांत बाद झाला. एका बाजूची सीमारेषा जवळ होती व प्रतिस्पर्धी खेळाडू अननुभवी होते, याची चर्चा तेव्हाच झाली. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्यास दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. परंतु अपेक्षित कामगिरी होत नसल्याने २०१७ मध्ये ती थांबविण्याची विनंती त्याच्या वडिलांनीच केली.

बेसबॉलचे सांख्यिकीतज्ज्ञ धावांचे मूल्य ठरविताना मैदानाचा आकार व प्रतिस्पर्ध्याचा दर्जा विचारात घेतात. तशी दृष्टी येथे असती तर मुलाचे कौतुक कमी झाले नसते, परंतु त्याच्यावरील अपेक्षांचे ओझे निश्चितच हलके झाले असते.

४. शहापूर-मुरबाडचा प्रश्न

कल्याणहून रेल्वेने आसनगावला उतरून शहापूरला व रस्त्याने मुरबाडला जाता येते. भातकापणीनंतर या दोन्ही तालुक्यांतील मोकळ्या शेतांत टेनिस चेंडूचे सामने रंगतात. तेथील गुणलेखन बहुधा त्या दिवसापुरतेच असते. बक्षीस समारंभ उरकला की कागदाचेही काम संपते. परिणामी येथील गुणी फलंदाज कोणत्याही संगणकीय विश्लेषणात येत नाही. तो तेथे कमी दर्जाचा ठरत नाही; त्याची गणनाच झालेली नसते. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात टेनिस चेंडूची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली, तेव्हा या खेळाला व्यावसायिक मोल आले. अशा वेळी नोंदीचा अभाव ही केवळ अभ्यासकाची अडचण राहत नाही. ती विद्यार्थ्याची हानी ठरते.

निष्कर्ष

प्रगत सांख्यिकी ही मुळात नुसत्या आकड्याविषयीच्या संशयातूनच जन्मली आहे. त्यामुळे तिला संशयाची शत्रू मानणे योग्य नव्हे. तिच्या मर्यादा मात्र दोन आहेत : घटनेमागील मानवी निर्णय तिला सांगता येत नाहीत आणि ज्याची नोंद नाही ते तिला दिसत नाही. पहिली मर्यादा इतिहासलेखनाने भरून काढता येते. दुसरी दूर करण्यासाठी ग्रामीण महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांनी परिसरातील सामन्यांच्या गुणवह्या, मैदानाचा आकार, षटकांची संख्या व चेंडूचा प्रकार यांसह जतन करणे आवश्यक आहे. त्यासाठी संगणकही लागत नाही. एक वही व नियमित लिहिणारा विद्यार्थी एवढे पुरेसे आहे. आकड्यांवर संशय घेण्याचा अधिकारही आधी आकडे नोंदविल्यावरच प्राप्त होतो.