परीकथेचे नेपथ्य : काळ्या मखमलीचे दोन अर्थ

परीकथेच्या नाटकाचे नेपथ्य म्हणजे रंगांची उधळण आणि यांत्रिक करामती, असा समज रूढ आहे. मॉरिस मेटरलिंक यांच्या ‘निळा पक्षी’ या नाटकाचा मॉस्को आर्ट थिएटरने १९०८ साली केलेला पहिला प्रयोग या संदर्भात पुन्हा तपासण्याजोगा आहे. स्तानिस्लावस्की आणि सुलेर्झित्स्की यांचे दिग्दर्शन व येगोरोव यांचे नेपथ्य लाभलेल्या या प्रयोगात खरा प्रश्न चमत्कार दाखवण्याचा नव्हता. चमत्काराची यंत्रणा लपवण्याचा होता.

१८९८ मध्ये स्थापन झालेल्या या नाट्यसंस्थेची ख्याती वास्तवाच्या काटेकोर तपशिलावर उभी होती. चेकॉव्हच्या नाटकांतील घरे प्रेक्षकांना राहती वाटत. मेटरलिंक यांच्या संहितेची मागणी मात्र निराळी होती. लाकूडतोड्याच्या मुलाने टोपीवरचा हिरा फिरवताच पाव, साखर, पाणी, अग्नी यांचे आत्मे प्रकट होतात. हे रूपांतर पडद्याआड नव्हे, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत घडावे लागते.

या शोधात स्तानिस्लावस्की यांना काळ्या मखमलीचा गुणधर्म योगायोगाने उमगला. मखमल प्रकाश शोषून घेते. त्यामुळे काळ्या मखमली पार्श्वभूमीपुढे त्याच कापडाने झाकलेली वस्तू वा व्यक्ती दिसेनाशी होते आणि आवरण दूर होताच शून्यातून अवतरल्यासारखी भासते. मात्र या युक्तीचा मोठा प्रयोग आधी झाला तो १९०७ साली, लिओनिद आन्द्रेयेव यांच्या ‘मानवाचे जीवन’ या नाटकात. तेथे संपूर्ण रंगमंच काळ्या मखमलीने वेढला होता आणि दारे, खिडक्या, भिंती केवळ दोरांच्या रेषांनी सूचित केल्या होत्या. परीकथेला मात्र ही सर्वव्यापी काळोखी मानवणारी नव्हती. म्हणून ‘निळा पक्षी’त मखमलीचा उपयोग करामतींपुरताच राहिला.

एकाच साधनाची ही दोन रूपे नेपथ्यविचाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. आन्द्रेयेव यांच्या नाटकात काळोख हा स्वतःच आशय होता. प्रेक्षकाने तो पाहावा, त्यात नियती वाचावी, अशी अपेक्षा होती. परीकथेत तोच काळोख नजरेत भरला तर जादू भंगते. एका ठिकाणी मखमल चिन्ह ठरते, दुसऱ्या ठिकाणी तिने चिन्ह होण्याचे नाकारणे हेच तिचे कार्य. नेपथ्यातील सामग्रीला अंगभूत अर्थ नसतो; पाहण्याची जी रीत संहिता मागते, तिच्यातून तो सिद्ध होतो.

या प्रतिपादनाची कसोटी संहितेच्या शेवटी लागते. मुले परततात ती त्याच झोपडीत. तीच खोली आता अधिक ताजी, अधिक आनंदी दिसावी, अशी मेटरलिंक यांची रंगसूचना आहे. येथे कोणतीही करामत उपयोगी पडत नाही. बदललेली असते ती पाहणाऱ्याची दृष्टी, आणि ती घडवण्यासाठी मधले सारे अद्भुत प्रदेश उभे केलेले असतात. परीकथेच्या नेपथ्याचे यश म्हणूनच राजवाड्याच्या झगमगाटावर मोजता येत नाही. अखेरीस साधी झोपडी प्रेक्षकाला नव्याने दिसते की नाही, यावरच ते ठरते.