व्ही. पी. आणि परक्या विक्रेत्याचा भरवसा

कधी न पाहिलेल्या दुकानदारास आगाऊ पैसे कोणत्या भरवशावर द्यावयाचे, हा प्रश्न संगणकाने निर्माण केला अशी समजूत विद्यार्थ्यांत आढळते. ती इतिहासाला धरून नाही. हिंदुस्थानच्या टपालखात्याने १८७७ साली ‘व्हॅल्यू पेएबल’, म्हणजेच मराठी वाचकांच्या परिचयाची व्ही. पी. पद्धत सुरू केली. पुस्तकांचे पुडके पोस्टमन गिऱ्हाइकाच्या दारी नेई, किंमत वसूल करी आणि ती रक्कम विक्रेत्यास पोचती होई. विश्वास विक्रेत्यावर नव्हता. तो पोस्टावर होता.

तथापि पैसे भरल्यावर पुडक्यातून रद्दी निघाली तर काय? १८९८ च्या टपाल अधिनियमात ही शंका स्पष्ट उमटली आहे. वस्तू खऱ्याखुऱ्या मागणीवरूनच पाठवीत असल्याचे प्रेषकाकडून लिहून घेणे आणि फसवणूक झाल्यास वसूल रक्कम रोखून गिऱ्हाइकास परत करणे, यांविषयी नियम करण्याचा अधिकार त्याने सरकारास दिला. रूक्ष कलमांमागे तक्रारींचा केवढा गठ्ठा असावा, याची कल्पना अभ्यासकाने करावी.

२००७ मध्ये बंगळूर येथे निघालेल्या फ्लिपकार्टनेही आरंभ ग्रंथविक्रीनेच केला. २०१० मध्ये त्याने माल हाती पडल्यावर पैसे घेण्याची सोय केली. तिला नवकल्पना म्हणणे इतिहासाच्या विद्यार्थ्यास जड जाईल. कार्डाने पैसे देणाऱ्यांच्या बाबतीतही तत्त्व तेच राहिले. ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने विक्रेत्यांस कार्डाचा तपशील साठविण्यास मनाई केली. विक्रेत्यास पैसे मिळावेत, तिजोरीची किल्ली मिळू नये, असाच त्याचा आशय होय.

खाजगीपणाची गोष्ट मात्र निराळी. व्ही. पी. करणाऱ्या विक्रेत्याजवळ नाव, पत्ता व मागणीपत्र एवढेच राही. आजच्या विक्रेत्याजवळ गिऱ्हाइकाने नुसत्या न्याहाळून सोडून दिलेल्या वस्तूंचीही नोंद राहू शकते. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या अधिनियमाने गिऱ्हाइकाच्या संमतीस मुख्य आधार मानले आणि ‘संमती व्यवस्थापक’ या नोंदणीकृत मध्यस्थाचीही तरतूद केली. पण या मध्यस्थास पोस्टमनच्या पंक्तीस बसविता येत नाही. पोस्टमन किंमत स्वतःच्या हाती घेई. हा केवळ संमती देण्याघेण्याचे द्वार आहे, आणि नोंदी विक्रेत्याच्याच कोठारात राहतात.